नंबर जुळला, एवढ्यावर इंजिन अस्सल ठरत नाही

साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन मसल कारबद्दलचा (साध्या गाडीत मोठं, ताकदवान इंजिन बसवलेल्या गाड्या) एक छोटा व्हिडिओ गेले काही महिने आमच्या इथल्या मराठी गटांमधून फिरतो आहे. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: प्रत्येक इंजिनवर गाडीचा नंबर असतोच. ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावरचा, ओतीव नंबर इंटरनेटवर शोधला की इंजिन कुठलं ते कळतं. लोखंडावरचा ठसा खोटा करता येत नाही, म्हणून नंबर जुळला की इंजिन अस्सल. कागदपत्रं हा दलालांचा खेळ. आणि नंबर जुळला तर किंमत दुप्पट, नाही जुळला तर इंजिन भंगार.

मी मूळचा कोल्हापूरचा. नोकरीची पहिली काही वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत गेली. आता मिशिगनमध्ये राहतो आणि सुट्टीचे दिवस जुनी इंजिनं उघडण्यात जातात. व्हिडिओ आला तेव्हा मी गप्प बसलो होतो, पण शेजारच्या बाईंमुळे लिहायला बसलो. त्यांचे यजमान गेले आणि मागे जनरल मोटर्सच्या शेव्हर्लेची १९६९ची शेव्हेल एसएस ३९६ राहिली (३९६ हा इंजिनाचा आकार, क्युबिक इंचांत). नातवाने हेच सगळं इंग्रजीत कुठेतरी ऐकलं, इंजिनवरचा नंबर पाहिला, तो गाडीशी जुळेना. पोराने इंजिन उतरवून ठेवलं आणि भंगारवाल्याला शनिवारी बोलावलं. मला हे शुक्रवारी संध्याकाळी कळलं.

आपल्या लोकांना हा दावा चटकन पटतो, याचं कारण मला समजतं. आपल्याकडे आरसी बुकात चेसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही असतात. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि ती छाप आरटीओच्या फॉर्मला चिकटवायची, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करावी लागते. अमेरिकेत मालकीच्या कागदावर गाडीचा एकच नंबर असतो, व्हीआयएन. इंजिनाची तिथे नोंद नसते. १९७१ साली कुणी शर्यतीत इंजिन फोडलं आणि दुसरं बसवलं, तर त्याची कुठल्याही सरकारी वहीत ओळसुद्धा नाही. इथे इंजिनाची ओळख पटवायची तर लोखंड, तारखा आणि घरातले कागद यांतूनच पटवावी लागते.

आता एकेक दावा घेतो.

‘प्रत्येक इंजिनवर गाडीचा नंबर असतोच.’ नसतो. व्हीआयएनमधले आकडे इंजिनवर ठोकण्याची पद्धत जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायसलरमध्ये सरसकट झाली ती १९६८च्या मॉडेलपासून. त्याआधी ती मोजक्या ठिकाणीच दिसते, जसं कॉर्व्हेटवर किंवा मस्टँगच्या २८९ हाय परफॉर्मन्स ‘के कोड’ इंजिनवर. ज्या १९६४च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून बहुतेक लोक मसल कारचा काळ मोजतात, तिच्या ३८९ क्युबिक इंची इंजिनवर इंजिनाचा स्वतःचा क्रमांक आणि कोड आहे, गाडीचा नंबर नाही. १९६६-६७च्या क्रायसलरच्या ४२६ हेमीचंही तसंच. त्या वर्षांच्या हेमीवर गाडीशी जुळणारा नंबर कुणी दाखवला, तर मी आधी तो ठसा कधी आणि कोणी मारला ते विचारेन.

‘ओतीव नंबर शोधला की इंजिन कळतं.’ या दाव्याने मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही तो नंबर काय असतो ते पहिल्याच महिन्यात कळतं. तो पॅटर्नचा नंबर. त्या पॅटर्नवरून वाळूचे जितके साचे होतील, त्यातून निघणाऱ्या प्रत्येक बिडाच्या तुकड्यावर तोच आकडा उमटणार. पुढे त्या ब्लॉकचं काय होणार, हे ओतताना कोण सांगणार?

शेव्हर्लेचा ३९७००१० हा नंबर घ्या. १९६९च्या कॅमारो झेड/२८ मधलं नावाजलेलं ३०२ इंजिन या ब्लॉकवर झालं. ३२७ही झालं, ३५०ही झालं. तिन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, चार इंच. फरक क्रँकचा: ३०२चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, तीन इंच, ३२७चा सव्वातीन, ३५०चा ३.४८. बाहेरून ब्लॉक तोच. आणि ३५०साठी हा नंबर सत्तरच्या दशकात पुढे बरीच वर्षं चालू राहिला, साध्या सेडान आणि पिकअप ट्रकांमध्येसुद्धा. मोठ्या ब्लॉकमध्ये ३९६३५१२चं तेच. १९६९चं ४२७ त्यावर आहे आणि १९७०चं ४५४ही. ४५४मध्येही ३६० हॉर्सपॉवरचं एलएस५ आणि ४५० हॉर्सपॉवरचं एलएस६, दोन्हींना हाच नंबर. दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि ओतीव नंबर त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

त्याच ओतकामात जवळपास ओतल्याची तारीखही असते. जानेवारीला ए, फेब्रुवारीला बी असं महिन्याचं अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. पुष्कळ ब्लॉकवर वर्षाचा एकच आकडा असतो. म्हणजे ‘सी १२ ९’ हे १२ मार्च १९६९ असेल किंवा १२ मार्च १९७९ असेल. ०१० ब्लॉक दोन्ही काळात ओतला जात होता. एका गृहस्थांनी मला मोठ्या अभिमानाने झेड/२८चं इंजिन म्हणून दाखवलेलं धूड असंच ट्रकचं निघालं होतं. पैसे आधीच देऊन झाले होते. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

‘ठसा खोटा करता येत नाही.’ येतो, आणि केला जातो. त्या काळच्या वळणाचे पंच आज विकत मिळतात. म्हणून ठशातला आकडा वाचण्याआधी ठशाखालचं लोखंड वाचायला शिकावं लागतं.

शेव्हर्लेच्या व्ही-८ मध्ये गाडीत बसल्यावर उजव्या, म्हणजे अमेरिकेत प्रवाशाच्या, बाजूच्या सिलिंडर हेडच्या अगदी पुढे ब्लॉकची एक छोटी सपाट पट्टी दिसते. तिला पॅड म्हणतात. कारखान्यात डेकचा, म्हणजे ब्लॉकवर हेड बसतं तिथला, पृष्ठभाग ब्रोचिंग मशीनवर एका दमात तासला जायचा, त्यामुळे पॅडवर पुढून मागे जाणाऱ्या बारीक, सरळ, समांतर रेषा उमटतात. ठसा त्या रेषांवर मारलेला असतो. पुढे कधी इंजिन उघडून डेकचं फेसिंग केलं, म्हणजे तो पुन्हा तासून सपाट केला, तर रेषाही जातात आणि नंबरही जातो. फिरत्या कटरने फेसिंग केलं असेल तर गोलसर चापासारख्या खुणा राहतात. अशा चापांवर १९७०चा नंबर ठळक बसलेला दिसला, तर तो फेसिंगनंतर मारलेला आहे. हल्ली सरळ रेषाही घासून बनवतात. पण त्या फक्त पॅडपुरत्या असतात, हेडखाली पुढे सरकत नाहीत. हेड काढून दाखवायला विकणारा तयार नसेल, तर तेवढं उत्तर पुरे.

दुसरी गोष्ट अशी की पॅडवर दोन ठसे असतात आणि ते दोन वेगळ्या गावांत मारलेले असतात. एलएस६ घ्या. न्यू यॉर्क राज्यात बफलोजवळच्या टोनावांडा कारखान्यात इंजिन जोडलं गेलं, तिथे ‘टी ०२१२ सीआरव्ही’ असं काहीतरी मारलं जायचं. टी म्हणजे टोनावांडा, १२ फेब्रुवारी ही जोडणीची तारीख, आणि सीआरव्ही म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचं एलएस६. ऑटोमॅटिक असेल तर सीआरआर. मग इंजिन गाडीच्या कारखान्यात, समजा बाल्टिमोरला गेलं, आणि तिथे ‘१०बी’ आणि गाडीचे शेवटचे सहा आकडे मारले गेले. दोन हात, दोन हत्यारं, दोन दिवस. दोन्ही ओळी एकाच वळणाच्या, एकाच खोलीच्या, ओळंब्यात बसवल्यासारख्या दिसल्या तर मला शंका येते.

आणि तारखांची रांग लागली पाहिजे. आधी ब्लॉक ओतला, मग इंजिन जोडलं, मग गाडी बनली. इंजिन जोडल्याची तारीख ओतल्याच्या आधीची, किंवा गाडी मार्चची आणि इंजिन मेचं, असं निघालं तर ठसा कितीही सुबक असो, गोष्ट तिथेच संपते.

एक कळकळीची विनंती. पॅडवरचा रंग काढायला सँडपेपर किंवा तारेचा ब्रश वापरू नका. रंग विरघळवणारं रसायन लावा, कापडाने पुसा, तिरप्या उजेडात फोटो काढा. साफसफाईच्या उत्साहात लोकांनी स्वतःचा पुरावा स्वतःच घासून टाकलेला मी पाहिला आहे.

‘कागदपत्रं हा दलालांचा खेळ.’ कागद खोटे असू शकतात, हे मान्य. पण शेव्हर्लेच्या बाबतीत कागदावाचून अडतं. १९६९च्या कॅमारोचा व्हीआयएन १२४३७ने सुरू होतो, त्याचा अर्थ फक्त व्ही-८ आणि हार्डटॉप. झेड/२८ आहे की एसएस, त्यात नाही. १९७०च्या शेव्हेलच्या व्हीआयएनमध्ये एलएस६ सोडा, एसएससुद्धा नाही. जनरल मोटर्सच्या व्हीआयएनमध्ये इंजिनाचं अक्षर आलं ते १९७२पासून. मग कुणी ३०७ इंजिनाच्या साध्या मालिबूत, म्हणजे शेव्हेलच्याच साध्या प्रकारात, ४५४ बसवलं, पॅड तासून सीआरव्ही आणि त्याच मालिबूचा नंबर मारला, तर व्हिडिओच्या हिशेबाने नंबर जुळला! ती गाडी एलएस६ म्हणून कधी बनलीच नव्हती, हे सांगणार कोण? पेट्रोलच्या टाकीवर अडकून राहिलेली बिल्ड शीट, म्हणजे गाडी बनवताना काय बसवायचं त्याचा कारखान्यातला कागद, सांगेल. वॉरंटी पुस्तिकेतली प्रोटेक्ट-ओ-प्लेट नावाची धातूची पट्टी सांगेल, तिच्यावर इंजिनाचा कोड असतो. डीलरचं मूळ बिल सांगेल.

क्रायसलरमध्ये हे सोपं आहे. तिथे व्हीआयएनचं पाचवं अक्षरच इंजिन सांगतं. १९७०-७१च्या कुडाला (क्रायसलरच्या प्लिमथची गाडी) तिथे आर असेल तर गाडी हेमी म्हणूनच बनली. १९६७पासूनच्या फोर्डसाठी कंपनीच्या नोंदींवरून काढलेला मार्टी रिपोर्ट मिळतो, पॉन्टिअॅकसाठी पीएचएस (पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) या संस्थेकडून मूळ बिलाची प्रत मिळते. ज्या कंपनीत नंबर स्वतः बोलतो तिथे कागद थोडे कमी चालतील. शेव्हर्लेत नाही.

उरला पैशाचा दावा: ‘जुळला तर दुप्पट, नाही तर भंगार.’

दुप्पट कशाच्या? ३०७ किंवा दोन बॅरलच्या ३५०चं मूळ इंजिन गाडीत असेल तर मालकाला समाधान आहे, भावात मात्र फार फरक पडत नाही, कारण तसं दुसरं इंजिन सहज मिळतं. फरक पडतो तो दुर्मिळ इंजिनात. १९७१ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल फक्त ११ बनल्या. त्यातली एक २०१४ साली सिअॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. तिथे इंजिनाचा प्रत्येक तुकडा कुठला, यावर लोक महिनोन्‌महिने खर्च करतात.

सुट्टं इंजिन विकताना तर हिशेब पुरता बदलतो. त्यावर कुणाच्या तरी गाडीचा नंबर असतो, आणि ती गाडी अजून शाबूत असेल तर तिच्या मालकाइतकी किंमत दुसरं कुणी देणार नाही. त्याला शोधणं हेच विकणाऱ्याचं खरं काम. तो नाही सापडला, तर योग्य कोडचा आणि योग्य तारखेचा ब्लॉक हवा असलेले दुसरे असतात. ते कमी देतील, पण भंगारवाल्यापेक्षा कितीतरी पट देतील. १९६९मध्ये कॅमारोत झेडएल१ हे अॅल्युमिनियमचं ४२७ बसवायला ४,१६० डॉलर जादा पडायचे. अशा ६९ गाड्या झाल्या आणि त्या खपेनात, म्हणून काही डीलरांनी इंजिनं काढून गाड्या वेगळ्या विकल्या. ते इंजिन आज कुणाच्या गॅरेजमध्ये सापडलं आणि गाडी शेजारी नाही, म्हणून त्याला भंगार म्हणायचं?

आणि अस्सल म्हणजे धड नव्हे. आमच्या मिशिगनच्या थंडीत अँटीफ्रीझ न घालता ठेवलेल्या ब्लॉकमध्ये पाणी गोठतं आणि वॉटर जॅकेटला तडा जातो. किती वेळा बोअरिंग झालं, भिंत किती उरली, स्लीव्ह किती बसवल्या, मॅग्नेटिक क्रॅक टेस्टिंग केलं का, हे न विचारता दिलेला भाव आंधळा. हेड, मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर मूळचे आहेत का तेही वेगळं पाहावं लागतं. पॅडवरचा नंबर फक्त ब्लॉकबद्दल बोलतो.

शेजारच्या बाईंच्या इंजिनवर नातवाने जो न जुळणारा नंबर पाहिला, त्याची सुरुवात ‘सीई ०’ अशी होती. शेव्हर्ले वॉरंटीत बदलून द्यायच्या इंजिनावर सीई मारत असे, आणि पुढचा आकडा वर्षाचा. म्हणजे १९७०. मी बाईंना विचारलं, गाडी घेतल्यावर वर्षभरात काही झालं होतं का? त्या आत गेल्या आणि बिस्किटांचा एक डबा घेऊन आल्या. त्यात डीलरच्या वर्कशॉपची पावती होती, ऑगस्ट १९७०ची, इंजिन बदलल्याची, ग्राहकाकडून येणे शून्य. यजमानांनी हायवेवर कनेक्टिंग रॉड तोडला होता आणि घरी सांगितलं नव्हतं, हे बाईंना त्या दिवशी कळलं. बराच वेळ त्या पावती हातात धरून बसल्या होत्या.

अशा गाडीला मूळ इंजिनाच्या गाडीइतका भाव येत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण पावतीसकट सीई इंजिन असलेली गाडी आणि इंजिनाचा पत्ता नसलेली गाडी यांत खूप अंतर आहे, हेही सांगितलं. नातवाने त्याच रात्री भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. इंजिन आता माझ्या गॅरेजमध्ये स्टँडवर आहे. सात सिलिंडरच्या भिंती मोजून झाल्या, चांगल्या आहेत. आठवा येत्या रविवारी तो पोरगा स्वतः मोजणार आहे.