म्हणे, एकच दिवसाचं काम!

आता कुणी ‘मॅडम, निवडणूक ड्युटी म्हणजे एकच दिवसाचं तर काम’ म्हणालं ना, तर मी खरंच भांडेन! एक दिवस? आणि ती प्रशिक्षणं? आदल्या दिवशीची साहित्यवाटपाची रांग, मांडीवर पसरून मोजलेली पाकिटं, ती कोण मोजतं? २०२४ च्या मे महिन्यात लोकसभा, नोव्हेंबरात विधानसभा, दोन्ही वेळा तेच. रात्री वर्गाच्या फरशीवर सतरंजी. संडासाला कडी नाही, म्हणून आम्ही दोघी आळीपाळीने दाराशी उभ्या! पहाटे साडेपाचला अभिरूप मतदान, म्हणजे यंत्र तपासायला खोटं-खोटं मतदान: किमान ५० मतं टाका, निकाल जुळवा, यंत्र क्लिअर करा, व्हीव्हीपॅटच्या (मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या) चिठ्ठ्या काढून काळ्या पाकिटात सील करा. सातला मतदान सुरू म्हणजे सुरू. मग जेवायचं कधी? डबा उघडला की फोन, ‘टक्केवारी सांगा!’ आणि रात्री एक वाजता साहित्य जमा करताना? ‘१७-सीची, म्हणजे झालेल्या मतांच्या हिशोबाच्या फॉर्मची, प्रत वेगळी हवी, पाकीट फोडा.’ लाखेने पोळलेल्या बोटांनी पुन्हा सील! प्रशिक्षणात हे एकदा नीट करून दाखवायला काय होतं? आणि हो, पुढच्या वेळेआधी त्या संडासाला कडी लावा. लावाच!