'गाडा आणि विसरा' म्हणणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात चारी उकरून बघावी

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. एक ग्रुप तर आमच्या पाहुण्यारावळ्यांचा, तिथे एकाचीही मिल नाही. मेसेजमध्ये थोडक्यात असं: "कारखान्यातल्या वरच्या तारा काढा, केबल जमिनीत टाका. वादळवाऱ्याची चिंता मिटली. आपली काळी माती मऊ, दोन फुटांची चारी पुरते. जमीन थंड असते, केबल तापत नाही, लोड बिनधास्त द्या. खर्च थोडाच जास्त. लोखंडी पाईपातून ओढली की काम फत्ते. अर्थिंगला मीठ-कोळसा. चाळीस वर्षं बघायला नको." खाली हात जोडलेले तीन नमस्कार.

वाळूज, शेंद्रा आणि जालन्याच्या एमआयडीसीत बावीस वर्षं मी केबलच टाकतोय. जमिनीखालच्या केबलवर माझं घर चालतं, तेव्हा तिला माझा विरोध असायचं कारण नाही. वादळाचं वाक्य बरोबरच आहे. अवकाळीत बाभळीची फांदी तारेवर पडून रात्रपाळी अंधारात गेली, असं केबलच्या बाबतीत होत नाही. बाकीच्या वाक्यांत मात्र अर्धवट खरं आणि पूर्ण खोटं यांची खिचडी झालीय.

सगळ्यात महागात पडणारं वाक्य म्हणजे 'जमीन थंड असते'. केबलमधून करंट गेला की ती तापणारच. ती उष्णता बाहेर काढायचं काम भोवतालची माती करते, आणि तेही ओल असेल तरच. कॅटलॉगमध्ये छापलेले अँपिअर मातीचं तापमान ३० अंश आणि मातीचा उष्णतारोध, म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, दीड धरून काढलेले असतात. माती वाळून तो रोध अडीचवर गेला की केबलची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने उतरते. त्यातच सहा केबल एकमेकींना चिकटवून टाकल्या तर प्रत्येकीची क्षमता निम्म्याच्या आसपास येते. आता आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीचं काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. ती भेगाळते.

जालन्यातल्या एका रोलिंग मिलचं सांगतो. ट्रान्सफॉर्मरपासून पॅनलपर्यंत ३०० स्क्वेअर मिलिमीटरच्या साडेतीन कोर (तीन पूर्ण वायरी, चौथी न्यूट्रलची बारीक) केबलचे चार रन, एकाला एक खेटून. पावसाळा गेला, हिवाळा गेला, तक्रार नाही. मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास ब्रेकर पडायला लागला. आम्ही चारी उकरली तर वरची माती ढेकळांची, आणि एका भेगेत माझा हात कोपरापर्यंत आत गेला. खाली केबलभोवती बोटभर पोकळी. मातीत केबलचा साचा जसाच्या तसा उमटलेला, पण केबल त्याला टेकलेली नाही. भोवती नुसती गरम हवा. बाहेरचं काळं आवरण नखाने दाबलं तर तुकडा पडला, भाजलेल्या पापडासारखा. आतल्या वायरीवरच्या एक्सएलपीई या प्लॅस्टिक इन्सुलेशनची कायमची मर्यादा ९० अंशांची, इथे ती कितीदा ओलांडली असेल देव जाणे. केबल तापते, भोवतालची उरलीसुरली ओल पळवते, ओल गेली की आणखी तापते. जालन्यात इंडक्शन फर्नेस (विजेवर लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या) भरपूर, त्यांच्या हार्मोनिक्सनी, म्हणजे करंटच्या बिघडलेल्या लहरींनी, केबल आणखी तापते ती वेगळीच.

यावर उपाय आहे. उकरलेली काळी माती केबलभोवती परत लोटायची नाही. बारीक चुरी मिसळलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) ओली करून थराथराने ठोकायची. अनेकांना नदीची धुतलेली वाळूच भारी वाटते, पण एकसारख्या दाण्यांची ती वाळू एकदा कोरडी पडली की तीही उष्णता अडवून धरते. शिवाय केबलमध्ये अंतर सोडायचं आणि साईज काढताना मे महिना धरायचा, ऑगस्ट नाही.

'दोन फूट पुरतात.' नाही पुरत. आयएस १२५५ या भारतीय मानकात एलटी, म्हणजे कमी दाबाच्या केबलला किमान ७५ सेंटीमीटर, ११ केव्हीला (११ हजार व्होल्ट) ९० आणि ३३ केव्हीला १०५ सेंटीमीटर खोली सांगितलीय. रस्त्याखालून जायचं तर एक मीटर. 'मऊ'चंही तसंच. वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्ट. कुठे दीड फुटावरच पाषाण लागतो, मग दगड फोडायच्या ब्रेकर मशीनचं भाडं वाचवायला केबल तिथे वर उचलून नेतात आणि माती लोटून मोकळे होतात. पुढच्या वर्षी पाण्याच्या लाईनीला आलेल्या जेसीबीचा दात नेमका तिथेच बसतो. केबलवर विटा किंवा फरशी आणि तिच्या वर इशाऱ्याची पट्टी टाकायची ती यासाठीच.

खर्च थोडाच जास्त? ओव्हरहेडच्या कित्येक पट, आणि बिल तिथे संपत नाही. वरच्या तारेचा फॉल्ट लाईनमन चालत जाऊन डोळ्यांनी शोधतो. जमिनीतल्या फॉल्टला लोकेटर (फॉल्ट शोधायचं यंत्र) मागवायचा, केबलमध्ये झटके सोडायचे आणि माणसाने जमिनीला कान लावून 'धप्प' आवाज कुठून येतो ते ऐकायचं. तोवर मिल बंद. तारेवरची फांदी खाली पडली की लाईन पुन्हा उभी राहते. केबलचा फॉल्ट आपोआप बरा होत नाही, 'एकदा चार्ज करून बघू' म्हणणारा तो आणखी फोडतो.

लोखंडी पाईपाचं वाक्य तर धोक्याचं. तीन कोर एकत्र असतील तर चालतं. पण सिंगल कोर केबल घेऊन आर, वाय, बी तिन्ही फेज वेगवेगळ्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपांतून नेले की केबलसोबत पाईपही तापतो. वाळूजला एका शेडमध्ये पाईप असा तापला होता की वायरमनने पाणी शिंपडलं तर चर्र वाजलं. तिन्ही फेज एकत्र न्यायचे, नाहीतर प्लॅस्टिकचा डीडब्ल्यूसी पाईप वापरायचा. आणि पाईपाची तोंडं बंद करायची, घुशींना घर फुकटात मिळतं.

मीठ-कोळसा. मीठ पावसाबरोबर वाहून जातं आणि जायच्या आधी जीआयला खातं. ओली काळी माती अर्थिंगला उत्तमच, पण उन्हाळ्यात ती इलेक्ट्रोडपासूनही, म्हणजे गाडलेल्या अर्थिंगच्या पाईपापासूनही, सुटते. माझ्याकडे अर्थिंगचे रिपोर्ट येतात ते बहुतेक सप्टेंबरचे, सगळे झकास. मला मे महिन्यातलं रीडिंग दाखवा.

राहिली चाळीस वर्षं. केबल टिकते हो, जॉइंट टिकत नाही. कापलेलं टोक टोपी न घालता चिखलात ठेवलं, भुरभुर पावसात जॉइंट किट भरलं, की पाणी आत शिरलंच. त्यावर वर्षानुवर्षं व्होल्टेज राहिलं की इन्सुलेशनमध्ये झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक वाटा फुटत जातात. जुन्या एक्सएलपीई केबलला डीसी हायपॉट टेस्ट (डीसीचा मोठा व्होल्टेज देऊन तपासणी) लावून तर काही जण नसलेला फॉल्ट तयार करतात. त्याऐवजी व्हीएलएफ, म्हणजे अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या एसीची, टेस्ट करा. आणि टेस्ट झाल्यावर केबल अर्थ केल्याशिवाय हात लावू नका, सप्लाय काढला तरी तिच्यात चार्ज उरतो.

शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या नव्या औद्योगिक शहरात वीज जमिनीखालूनच नेलीय, मग आमच्याकडे काय अडचण, असं कुणीतरी त्या मेसेजखाली विचारलं होतं. तिथे रस्ते आखतानाच केबलची जागा आखली. वर सांगितलेल्या मिलमध्ये मी मालकांकडे केबलचा नकाशा मागितला, तर त्यांनी जुन्या वायरमन मामांना हाक मारली. मामा आले, पायाने जमिनीवर रेघ ओढली आणि म्हणाले, "इकडूनच गेलती बघा बहुतेक." त्या 'बहुतेक'पायी आम्ही तीन ठिकाणी खोदलं. केबल चौथ्या ठिकाणी होती, कँटीनच्या ओट्याखाली.