शुक्रवारच्या त्या शुभेच्छा आवरा रे कोणीतरी

शुक्रवारी दुपारचे चार वाजले की ऑफिसच्या ग्रुपवर लोकांच्या अंगात येतं. सकाळपासून ज्यांना एका साध्या हो-नाहीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ नव्हता ते सगळे अचानक कवी होतात. एक जण टाकतो "वीकेंड लोड होतोय, ९७ टक्के" आणि खाली ती हिरवी पट्टी. दुसरा खुर्चीवरून उडी मारणाऱ्या मांजराचं जीआयएफ. तिसरी चारोळी करते, शनिवारला यमक अपार, आणि अपारला भारनियमनासारखं ओढूनताणून आणलेलं काहीतरी. मग एक ज्येष्ठ सर "टीजीआयएफ" (थँक गॉड इट्स फ्रायडे) एवढंच लिहितात, सगळं कॅपिटलमध्ये, आणि त्याला सगळ्यात जास्त बदाम मिळतात कारण ते सर आहेत. सगळ्यांनी टाळ्या टाकल्या, आपण नाही टाकल्या तर "काय गं, मूड नाही का आज?" असा पर्सनल मेसेज येतो. मूड होता हो. तुमचं मांजर बघेपर्यंत होता.

आता कोणी म्हणेल चांगलं बोलतायत तर तुझं काय जातं. सांगते काय जातं.

जातं ते असं की पाच पन्नासला त्याच मांजरवाल्याचा मेल येतो. विषयात "हॅपी वीकेंड!!" तीन इमोजी. आत पहिली ओळ, खूप मेहनत केलीस या आठवड्यात, मस्त आराम कर, रिचार्ज हो. दुसरी ओळ, जाता जाता एक छोटंसं, सोबतच्या फाइलवर नजर टाकशील का, सोमवारी सकाळी फर्स्ट थिंग क्लायंटला द्यायचंय. फाइल चाळीस पानांची. नजर टाक म्हणे. आता हिशोब करा, शुक्रवार संध्याकाळी सहापासून सोमवार सकाळी नऊपर्यंत ६३ तास होतात आणि त्यातले ऑफिसचे तास आहेत शून्य. म्हणजे सोमवारी फर्स्ट थिंग हवं असेल तर ते शनिवार-रविवारीच होणार ना, की मी सोमवारी पहाटे चारला उठून करू? हे त्याला कळत नाही असं नाही, चांगलं कळतं, म्हणून तर वर ती शुभेच्छा लावलीय. पुढचं ताट उचलून न्यायचं आणि वर म्हणायचं, पोटभर जेव हं.

आणि या शुभेच्छेमुळे नाही म्हणणं अवघड होतं, हा खरा डाव आहे. नुसतं "हे सोमवारपर्यंत कर" असं कोरडं लिहिलं असतं तर मी पण कोरडं लिहिलं असतं की सोमवारी दुपारी देते. पण माणसाने आधी इतकं गोड बोलून घेतलेलं असतं, नावाने हाक मारलेली असते, रिचार्ज वगैरे झालेलं असतं, मग आपण नाही म्हटलं की आपणच कडू ठरतो. शुभेच्छा म्हणजे लाच झालीय लाच.

"यू डिझर्व्ह इट" हे तर माझ्या डोक्यातच जातं. म्हणजे काय, तुम्ही देताय का सुट्टी मला? खिशातून? दोन दिवसांची सुट्टी ही काय कोणाची मेहेरबानी नाहीये. मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्डने १९२६ मध्ये कारखान्यात पाच दिवसांचा आठवडा आणला तो पण काय दया म्हणून नाही, लोकांना मोकळा वेळ मिळाला तर ते गाड्या घेतील, फिरतील, हा सरळ धंद्याचा विचार त्याने उघड बोलून दाखवला होता. अमेरिकेत १९३८ च्या कायद्यात आधी आठवड्याचे ४४ तास धरले आणि १९४० पर्यंत ते ४० वर आणले, त्यावर काम करून घेतलं तर दीडपट पैसे. आणि त्याआधी किती वर्षं किती देशांत कामगारांनी आठ तासांसाठी संप केले, मार खाल्ला, नोकऱ्या गेल्या. ते सगळं होऊन मिळालेली गोष्ट ही, आणि आमच्या मॅडम ती दर शुक्रवारी बक्षीस समारंभासारखी वाटतात. आणि वाटून झाल्यावर परत मागून घेतात.

बरं, सगळ्यांचा वीकेंड एकच असतो हे कोणी सांगितलं यांना? आमच्या टीममधले काही जण आखाती देशांतल्या क्लायंटचं काम बघतात. सौदीत २०१३ पासून सुट्टी शुक्रवार-शनिवार आहे, त्याआधी गुरुवार-शुक्रवार होती. अमिरातीने २०२२ च्या १ जानेवारीपासून सरकारी ऑफिसं शुक्रवारी अर्धा दिवस आणि शनिवार-रविवार बंद अशी केली. म्हणजे सौदीचं काम बघणारा पोरगा रविवारी सकाळी लॉगिन करून बसलेला असतो आणि शुक्रवारी आपलं मांजर त्याला सांगतं, दोन दिवस लॅपटॉपला हात लावू नकोस. तो बिचारा काहीच बोलत नाही, एक थंब्स अप टाकतो. सपोर्टला शिफ्ट करणारी मुलगी आहे, तिची सुट्टी मंगळवार-बुधवार. तिला आजवर एकानेही सोमवारी संध्याकाळी हॅपी वीकेंड म्हटलेलं नाही. शुक्रवारी मात्र सगळी बडबड तिच्या फोनवर पण वाजते, ऐन गर्दीच्या वेळी. नर्सेस, ड्रायव्हर, दुकानातली माणसं, ज्यांचा शनिवार-रविवार म्हणजे आठवड्यातला सगळ्यात जास्त कामाचा दिवस, त्यांना ही शुभेच्छा चिडवल्यासारखीच वाटत असणार. सोव्हिएत रशियात १९२९ मध्ये एक भन्नाट प्रकार केला होता, कारखाने बंदच पडायला नकोत म्हणून आठवडा केला पाच दिवसांचा आणि कामगारांचे रंग पाडले, प्रत्येक रंगाला सुट्टीचा दिवस वेगळा. नवरा एका रंगात, बायको दुसऱ्या रंगात, भेट नाही. लोक वैतागले, १९३१ मध्ये तो प्रकार बदलला आणि १९४० मध्ये परत सात दिवसांचा आठवडा आणून रविवारची सुट्टी दिली. वाईटच होतं सगळं, पण ग्रुपवर सगळ्यांना एकदम हॅपी फ्रायडे टाकता आलं नसतं एवढं मात्र खरं.

आणि ते "धमाल करा", "पार्टी टाइम" वगैरे. अरे कोणाच्या घरी आजारी आई असते, कोणाचं लहान मूल दोन रात्री झोपलेलं नसतं, कोणी नुसतं झोपणार असतं, कोणाला कपडे धुवायचे असतात आणि बँकेची कामं उरकायची असतात. त्यांनी धमाल कुठून आणायची? आणि धमाल केली नाही तर सोमवारी पकडतात. सोमवारच्या मीटिंगमध्ये सुरुवातीची दहा मिनिटं "तर सांगा, वीकेंडला काय केलंत" असा फेरा असतो, कॅमेरा ऑन. एक जण डोंगर चढून आलेला असतो, एकीने मातीची भांडी करायचा वर्कशॉप केलेला असतो, एकाने नवीन वाद्य हातात घेतलेलं असतं. माझी पाळी आली की मी म्हणते, "काही नाही, घरीच होते," आणि एक सेकंद अशी शांतता पसरते की जणू मी कोणाच्या मरणाची बातमी दिली. मग मॅडम मायेने म्हणतात, अगं स्वतःसाठी वेळ काढत जा. काढला असता हो मॅडम. पण ती सोमवारची चाळीस पानं वाचत होते.

खरा कळस पुढे आहे. या सगळ्या हौसेचं मध्यंतरी एचआरने रीतसर काम करून टाकलं. आता शीट आहे. शेअर केलेली. दर शुक्रवारी एकाचा नंबर, नाव, तारीख, थीम. त्याने किंवा तिने दुपारी साडेतीनच्या आत "क्रिएटिव्ह वीकेंड विश" तयार करून टाकायची, मागे कोणी वापरलेली नको, नेटवरून उचललेली नको, शक्यतो टीमचा फोटो हवा, आणि वर्षाअखेरी बेस्ट विशला सर्टिफिकेट. म्हणजे बघा, काम संपल्याचा आनंद व्यक्त करणं हेच एक काम झालं आणि त्याला डेडलाइन आली! गेल्या खेपेला एका नवीन मुलाचा नंबर होता, तो बिचारा गुरुवारी रात्री साडेअकरापर्यंत व्हिडिओ एडिट करत बसला होता. कशाचा व्हिडिओ, तर वर्क-लाइफ बॅलन्सचा. कोणालाच यात काही विनोदी वाटलं नाही. "सुपर्ब", "किलर", "नेल्ड इट" करत सगळे पुढे गेले. आता तर बरेच जण एआयकडून लिहून घेतात, लगेच कळतं, "पाच दिवसांच्या धावपळीनंतर मनाला पंख फुटू दे" असली भाषा हाडामांसाचा माणूस शुक्रवारी दुपारी बोलूच शकत नाही. म्हणजे मशीनने लिहिलेलं, कोणी न वाचलेलं, आणि त्यावर मशीनने सुचवलेलं उत्तर, "थँक्स, यू टू!" दाबायचं. मग माणसं यात नक्की कशाला हवीत, आम्ही गेलो घरी तर चालणार नाही का?

शुभेच्छाच द्यायच्यात ना, मग देता येतात की. आमच्याकडे एक जुने अकाउंट्सवाले काका आहेत, ग्रुपवर त्यांचं एक जीआयएफ सापडणार नाही. ते शुक्रवारी पाच वाजता आपापल्या संबंधित माणसाला एक ओळ टाकतात, "माझ्याकडून सोमवारी दुपारपर्यंत काही लागणार नाही, निघा आता." बस. ती ओळ वाचली की खांदे खाली येतात, खरंच. त्यांना काही सुचलं शनिवारी, तर लिहून ठेवतात आणि सोमवारी नऊला जाईल असं लावून देतात. ती सोय जीमेलमध्ये २०१९ पासून आहे, आउटलुकमध्ये तर त्याच्याही आधीपासून आहे, एक बटण आहे रे, मांजर शोधायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दहाव्या हिश्श्यात होतं. शुक्रवारी चारची मीटिंग रद्द करणं ही पण शुभेच्छाच आहे. "ही फाइल बुधवारी दिलीस तरी चालेल" ही तर कवितेच्या वरची गोष्ट आहे. पण त्याला बदाम मिळत नाहीत, सर्टिफिकेट मिळत नाही, फोटो काढता येत नाही.

आणि हे मी एकटीच वेड्यासारखं बोलतेय असं नाही, देशच्या देश वैतागलेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर फोन-मेल बंद ठेवण्याच्या हक्कावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करायला लागतात. पोर्तुगालने २०२१ मध्ये उलट बाजूने धरलं, म्हणजे तुम्ही उत्तर देऊ नका असं नाही, मालकानेच अगदी आणीबाणी सोडून सुट्टीच्या वेळात संपर्क करायचा नाही. हे मला जास्त पटतं, कारण न उचलायची हिंमत आम्ही कुठून आणायची, करणाऱ्यालाच आवरा ना. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑगस्टपासून कामाच्या वेळेनंतर आलेला मेसेज बघायला किंवा त्याला उत्तर द्यायला नकार देता येतो, तो नकार अवाजवी नसला म्हणजे झालं. विचार करा, गोष्ट पार्लमेंटपर्यंत गेली. तिथल्या खासदारांना बसून ठरवायला लागलं की शनिवारी माणसाला एकटं सोडायचं असतं. आणि आमच्याकडे त्यावर उपाय काय, तर या महिन्याची थीम "सुपरहिरो वीकेंड".

हे मी एकदा मॅडमशी बोलले पण होते, व्यवस्थित, न चिडता. म्हटलं मॅडम, शुभेच्छा नकोत, फक्त शुक्रवारी चारनंतर नवीन काम द्यायचं नाही एवढा नियम करूया. त्या म्हणाल्या खूप छान सजेशन आहे, आपण यावर एक छोटा ग्रुप करूया, शनिवारी अकराला कॉल ठेवू का, शांतपणे बोलता येईल.

तर येत्या शुक्रवारी शीटवर माझं नाव आहे. मी शुभेच्छा लिहून पाठवली मंजुरीला, हो, आता मंजुरी पण लागते. लिहिलं, "सोमवार सकाळपर्यंत मी कोणाला काही पाठवणार नाही. कृपया मलाही कोणी काही पाठवू नका. मजेत राहा किंवा राहू नका, तुमचा प्रश्न आहे." उत्तर आलं रात्री पावणेदहाला. मस्त आहे, खूप हटके, फक्त शेवटचं वाक्य थोडं पॉझिटिव्ह कर, सुपरहिरोचा एखादा फोटो जोड आणि रविवार संध्याकाळपर्यंत फायनल पाठव, म्हणजे सोमवारी डिझाइनवाल्यांना देता येईल. खाली, हॅपी वीकेंड इन ॲडव्हान्स.