रेघ उठावाची की खोलगट?

पाव आण्याच्या जुन्या तांब्याच्या नाण्यावर रेघ दिसली की शहाणा माणूस ते नाणे बाजूला ठेवतो आणि माझ्यासारखा माणूस खिशातले भिंग काढतो. त्यापुढचा सगळा वेळ एकाच प्रश्नात जातो, तो म्हणजे ही रेघ उठावाची आहे की खोलगट? प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण आमच्या घरी त्याच्यापायी जेवणे निवली आहेत, आलेले पाहुणे बैठकीत ताटकळले आहेत, आणि गॅसवरच्या दुधावर लक्ष ठेवण्याचे काम माझ्याकडून कायमचे काढून घेण्यात आले आहे.

टांकसाळीतला ठसा, ज्याला आम्ही मंडळी ‘डाय’ म्हणतो, कडक केलेल्या पोलादाचा असतो. हजारो चकत्यांवर आपटून आपटून तेही पोलाद एक दिवस थकते आणि त्याला बारीक तडा जातो. मग पुढच्या प्रत्येक चकतीचा धातू दाबाखाली त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर त्या जागी केसासारखी उंच रेघ उभी राहते. याउलट, पूर्वीच्या मालकाने किल्लीने, खिळ्याने किंवा निव्वळ कुतूहलाने नाणे खरवडले असेल, तर धातू निघून जातो आणि रेघ खोलगट होते. उठावाची रेघ टांकसाळीतून आलेली, म्हणून ती खानदानी. खोलगट रेघ बाजारात पडलेली, म्हणून ती नुसता चरा. एवढ्याशा भेदावर आमच्या संग्रहाची सगळी अब्रू टांगलेली असते.

हा भेद डोळ्यांनी ओळखायचा, आणि नेमके तिथेच डोळे दगा देतात. उजेड वरूनच येतो अशी आपल्या मेंदूची पक्की समजूत आहे. टेबलावरचा दिवा नाण्याच्या खालच्या बाजूला असला, की उंचवटे खड्डे वाटू लागतात आणि साक्षात व्हिक्टोरिया राणीचा गाल आत गेलेला दिसतो. यावरचा उपाय मी पाठ केला आहे: रेघेची दिव्याकडची कड चकाकली तर ती उठावाची, आणि दिव्यापासून लांबची कड चकाकली तर ती खोलगट. मात्र दिवा नक्की कोणत्या बाजूला आहे हे पाहण्यासाठी मान वर करावी लागते, मान वर केली की भिंग हलते, भिंग हलले की रेघ हरवते, आणि जेमतेम इंचभर व्यासाच्या त्या नाण्यावर ती पुन्हा सापडेपर्यंत चहा प्यायच्या लायकीचा राहत नाही.

त्यातून नाणे झिजलेले असले तर विचारायलाच नको. तड्याची रेघ उंच असल्यामुळे हाताळणीत तीच आधी घासली जाते. ती टिकते फक्त अक्षरांच्या आडोशाला. त्यामुळे ‘इंडिया’मधल्या दोन अक्षरांच्या फटीत मिलिमीटरभर काहीतरी दिसते, पुढे कोऱ्या जागेत ते गुप्त होते, आणि काठाजवळ पुन्हा डोके वर काढते. हे दोन तुकडे एकाच रेघेचे आहेत असे मी म्हणतो. बायको म्हणते, “अहो, मळ आहे तो.” अनेकदा त्या रेघेत मळही असतो, ही माझी खरी अडचण आहे.

तड्यापेक्षाही छळणारा प्रकार म्हणजे ‘डाय क्लॅश’. यंत्रात कोरी चकती यायची राहून गेली, की वरचा आणि खालचा ठसा थेट एकमेकांवर आदळतात आणि एकमेकांच्या अंगावर आपापली खूण सोडतात. पुढच्या नाण्यांवर मग एका बाजूच्या चित्रात दुसऱ्या बाजूच्या चित्राची पुसट कडा डोकावते, तीही आरशात दिसावी तशी उलटी. ती ओळखण्यासाठी नाणे काचेचे आहे अशी कल्पना करावी लागते: काचेतून आरपार मागची बाजू जशी दिसली असती, तशी ती समोरच्या बाजूवर मनातल्या मनात बसवायची. हे मनातल्या मनात जमेना, म्हणून मी दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढली, एक उलटवली, अर्धी पारदर्शक केली आणि दुसरीवर ठेवली. मग दिसले, की दर्शनी बाजूला डावीकडे पाहणारी राणी मागच्या बाजूला उजवीकडे तोंड करून ‘क्वार्टर’ या शब्दातून वाकून बघते आहे! मी हे मोठ्या आनंदाने घरात सांगितले. “एकाच दिशेला बघून मान अवघडली असेल,” एवढेच उत्तर आले.

या बाबतीत मला अमेरिकन संग्राहकांचा हेवा वाटतो, कारण त्यांच्याकडे अशा खोडींना नावे आहेत आणि नाव असलेल्या गोष्टीला घरात मान मिळतो. 1955 सालच्या त्यांच्या अर्ध्या डॉलरवर मागच्या बाजूच्या गरुडाच्या पंखाची खूण नेमकी बेंजामिन फ्रँकलिन यांच्या तोंडापाशी उमटली आणि त्या थोर पुरुषाला पुढे आलेले दात फुटले; त्या नाण्याला तिकडे सरळ ‘बग्ज बनी’ म्हणतात. एका सेंटच्या काही नाण्यांवर ‘लिबर्टी’मधल्या बी आणि ई यांच्यामध्ये असा उभा तडा आहे, की तिथे आय हे जादा अक्षर असल्याचा भास होतो, आणि लोक तेवढ्यासाठी ती नाणी जपून ठेवतात. सर्वांत कहर 1937 साली डेन्व्हरच्या टांकसाळीत झाला. ठशावरच्या आदळण्याच्या खुणा घालवण्यासाठी तो इतका घासण्यात आला, की पाच सेंटच्या नाण्यावरच्या गव्याचा पुढचा एक पायच नाहीसा झाला. तीन पायांचा तो गवा आज चार पायांच्या गव्यापेक्षा कितीतरी महाग आहे.

घासण्याचा विषय निघाला आहे, तर आमच्या आत्याबाईंचा उल्लेख टाळता येत नाही. “किती काळी पडली आहेत रे!” असे म्हणून त्यांनी एका दुपारी माझी नाणी चिंच आणि रांगोळी लावून देवघरातल्या पळीपंचपात्राच्या तोडीची लखलखीत केली. आता टांकसाळीत ठसा घासला तर नाण्यावर उठावाच्या बारीक रेघा येतात आणि आत्याने नाणे घासले तर खोलगट रेघा येतात, एवढाच काय तो तांत्रिक फरक. पण तो त्यांना समजावून सांगण्यात अर्थ नव्हता, कारण त्या हात पुसत पुसत कौतुकाची वाट पाहत होत्या. मी कौतुक केले.

खरी कसोटी मात्र विकत घेताना लागते. बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात पथारीवर ढिगात हात घालताना रेघेचे नाणे हाती लागले, तर भिंग काढायचे नसते. भिंग दिसले की भाव चढतो. चेहरा आंबट करून “याला चरा आहे हो” असे पुटपुटायचे आणि तोच चरा नसू दे म्हणून (म्हणजे तो टांकसाळीतला तडाच निघू दे म्हणून) मनात देवाचा धावा करायचा. पूर्वी विक्रेता बिचारा दहा रुपये कमी करत असे. हल्ली त्याच्याही हातात फोन आहे आणि फोनवर जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळवून देणारे चलच्चित्र आहे. आपल्या नावाने जुन्या नोटा-नाण्यांचे असले व्यवहार करणाऱ्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेला 2021 साली जाहीरपणे सांगावे लागले, पण ते निवेदन पथारीपर्यंत पोहोचलेले दिसत नाही. त्यामुळे आता किल्लीने ओढलेला प्रत्येक ओरखडा ‘एरर’, म्हणजे टांकसाळीतली चूक, ठरतो आणि त्याची किंमत ओरखड्याच्या लांबीवर आकारली जाते.

शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचे तांब्याचे नाणे, घ्यावी, तर तिथे निराळेच संकट. ती हाताने घण घालून पाडलेली. ठसा चकतीहून मोठा, त्यामुळे एका नाण्यावर ‘श्री’ सापडते, तर दुसऱ्यावर ‘शिव’ काठाबाहेर गेलेला असतो. तिथे तडा शोधण्याआधी अक्षर शोधावे लागते आणि दोन्ही सापडले तर उजेड गेलेला असतो.

मागच्या खेपेला माझ्या नेहमीच्या विक्रेत्याने मला लांबूनच हाक मारली आणि पथारीखालून एक जड पिशवी काढली. “साहेब, तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवली. सगळी चऱ्याची आहेत. एक पण चांगलं नाणं नाही यात, बघून घ्या.” मी आंबट चेहरा करून भाव विचारला.

“बिनचऱ्याचे पन्नास,” तो म्हणाला, “चऱ्याचे सत्तर.”