शाहूंच्या गावात देवस्थानांचा हिशेब कधी?

आरक्षणावरून कोल्हापुरात वाद पेटला की मला अमेरिकेत, व्हर्जिनियात नातेवाइकांचे फोन येतात, आणि प्रत्येक वेळी प्रश्न तोच: आजोबा-पणजोबांनी केलं असेल, त्याचं आमच्या पोरांनी का भोगायचं? इथं अलेक्झांड्रियात हाच प्रश्न मी गोऱ्या ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलाय. पण इथल्या एका धर्मसंस्थेनं त्याला उत्तर दिलं.

व्हर्जिनिया थिऑलॉजिकल सेमिनरी ही एपिस्कोपल या ख्रिस्ती पंथाचे पाद्री घडवणारी संस्था 1823 ची. तिथं गुलाम राबले. गुलामगिरी संपल्यावरही कृष्णवर्णीय माणसं तुटपुंज्या मजुरीवर तिथली कामं करत राहिली, आणि 1951 पर्यंत त्यांच्यातल्या कुणाला तिथं विद्यार्थी म्हणून प्रवेश नव्हता. 2019 मध्ये संस्थेनं स्वतःच्या पैशातून 17 लाख डॉलरचा निधी बाजूला काढला. जुन्या नोंदी चाळून त्या कामगारांचे वंशज शोधले. 2021 मध्ये पहिले धनादेश गेले, माणशी सुमारे 2,100 डॉलरचे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टापुढे ही रक्कम फार थोडी आहे, असं वंशजांपैकी कुणी म्हटलं तर मी त्यांच्याच बाजूनं उभा राहीन. तरी त्यामागचा विचार मला पटतो. राबवून घेणारे गेले, पण संस्था आहे. तिच्या इमारती, ठेवी, मान, सगळं आजही तिच्याकडे आहे. मग देणंही तिच्याकडेच आलं.

वंशभेद आणि जातिभेद एक नाहीत, हे मला कळतं. आणि परदेशात बसून कोल्हापूरला शहाणपण शिकवायचं तर मुळीच कारण नाही. 26 जुलै 1902 रोजी शाहू महाराजांनी मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिसकावून घेणं चालू होतं. 1918 मध्ये त्यांनी महार वतनं रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या, म्हणजे त्या कसणाऱ्यांच्या नावे करून जमिनीच्या तुकड्यापायी गावकीत पिढ्यान्‌पिढ्या राबायची सक्ती मोडली. त्याला भरपाई नाही तर काय म्हणायचं? अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात महाराज चहा प्यायला जायचे, हे आपण पोरांना कौतुकानं सांगतो. सांगायलाच हवं.

पण महाराजांनी जे केलं ते राज्यकर्ता म्हणून. त्यानंतर आपण सगळा भार सरकारवर टाकला. शंभर वर्षं भांडतोय ते नोकऱ्या आणि प्रवेशांच्या टक्क्यांवर. देवळांना, मठांना कुणी विचारलंच नाही की तुमच्या उत्पन्नात कुणाकुणाचे फुकटचे कष्ट आहेत. जत्रेत हलगी वाजवणारा, देवळाबाहेरचा परिसर झाडणारा, मेलेली जनावरं ओढणारा, यांना गाभारा तर सोडाच, पायरीही बंद होती.

आमच्या इथल्या मंडळींबद्दलही बोललं पाहिजे, कारण मला त्यांचाच जास्त राग येतो. चर्चच्या या कामाचं तोंडभरून कौतुक करणारे आपले लोक 2023 मध्ये कॅलिफोर्नियात जातिभेदविरोधी विधेयक आलं तेव्हा विरोधात सह्या गोळा करत होते. विधिमंडळानं मंजूर केलेलं ते विधेयक शेवटी राज्यपालांनी फेटाळलं. दुसऱ्याच्या पापाचा हिशेब आपल्याला लगेच जमतो.

6 मे 2022 रोजी शाहू स्मृतिशताब्दीला कोल्हापूर 100 सेकंद स्तब्ध उभं राहिलं. तो व्हिडिओ बघताना माझे डोळे भरून आले होते. त्याच गावाकडे माझं एक मागणं आहे. अंबाबाई आणि जोतिबासह 3,000 हून अधिक देवळं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडे आहेत. तिनं इनामांचे आणि सेवेकऱ्यांचे जुने कागद शिवाजी विद्यापीठातल्या इतिहासाच्या अभ्यासकांपुढे ठेवावेत. कोण राबलं, काय मिळालं, कुणाला आत येऊ दिलं नाही, हे गावनिहाय छापावं. मग उत्पन्नातला ठरावीक वाटा त्या घरांच्या वारसांसाठी काढावा, आणि तो शिक्षणावर खर्चायचा की जमिनीवर, हे त्या वारसांनाच ठरवू द्यावं.