हरवलेले ७० वॅट

मेकॅनिकलमध्ये पीएचडी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रॉकेट येतं, गेला बाजार रोबो. प्रत्यक्षात पुढ्यात असते एक मीटर लांबीची तांब्याची नळी, आतला व्यास १० मिलिमीटर. बाहेरून हीटरची तार, आतून पाणी. नळीत पिळदार पट्टी, म्हणजे ट्विस्टेड टेप, सरकवली की उष्णता किती जास्त वाहते हे शोधायचं. या पट्ट्यांवर इतकं लिहून झालंय की नावीन्य म्हणून आता फक्त भोकं पाडायची उरली आहेत. त्यातही गोल भोकं संपली. आपल्या वाट्याला चौकोनी.

पण पट्टीला इतक्यात हात लावायचा नाही. आधी रिकामी नळी आणि सरांचा ठरलेला प्रश्न, "हीट बॅलन्स जुळला का?" हीटरने दिलं तेवढं पाण्याने घेतलं पाहिजे, इतकंच. हीटर देतो ५०० वॅट. पाण्याच्या खात्यात जमा ४३०.

पहिला आळ ग्लासवूलवर, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून नळीला गुंडाळलेल्या काचेच्या लोकरीवर येतो. जो तो सांगतो, अजून गुंडाळ. हातभर खाज सुटेपर्यंत गुंडाळूनही आकडा हलत नाही, कारण ५० मिलिमीटर जाडीच्या थरातून, नळीचा पृष्ठभाग खोलीपेक्षा ३० अंशांनी गरम असला तरी, जेमतेम ३-४ वॅट निसटतात. हे गणित गुंडाळण्याआधी पाच मिनिटांत करता येतं. कोणी करत नाही. दुसरा आळ विजेवर, आणि तो निम्माशिम्मा खरा असतो. व्होल्टेज २ टक्के उतरलं की पॉवर ४ टक्के उतरते, म्हणजे २० वॅट गायब. म्हणून व्होल्टमीटर सकाळी एकदा बघून चहाला जाऊ नये.

खरा चोर मात्र तापमानाच्या मोजणीत आहे. मिनिटाला ५ लिटर पाणी ५०० वॅटने तापतं फक्त १.४ अंश. ७० वॅट म्हणजे ०.२ अंश! आणि के-टाइप थर्मोकपलची, म्हणजे दोन धातूंच्या तारा जोडून केलेल्या तापमापकाची, कंपनीने दिलेली मुभा? अधिक-उणे २.२ अंश. हे म्हणजे गव्हाच्या काट्यावर सोनं तोलणं. मग प्रवाह मिनिटाला १ लिटर करावा, पाणी ७ अंशांनी तापेल? तापेल की. पण प्रवाह किती खळबळता आहे हे सांगणारा रेनॉल्ड्स नंबर १३,००० वरून २,६०० वर येतो आणि रिकाम्या नळीचे आकडे ज्या डिटस-बोल्टर सूत्राशी ताडून बघायचे ते १०,००० च्या खाली बोलतच नाही.

तेव्हा सगळे थर्मोकपल एकाच रिळातून कापायचे आणि एकत्र बर्फात बुडवायचे, म्हणजे कोण किती चुकतो ते कळतं; हेच कॅलिब्रेशन. आपल्याला फरक हवा असतो, त्यामुळे सगळे सारखेच खोटं बोलले तरी चालतं. बर्फ कुटलेला हवा आणि ढवळत राहायला हवं. टोक तळाशी टेकलं तर तिथलं पाणी ४ अंशांचं असू शकतं आणि कॅलिब्रेशनमध्येच नवी चूक शिरते. वायर वाढवायची तर त्याच जातीची. मध्ये साधी तांब्याची जोडली की थर्मोकपल जोडाचंही तापमान हिशेबात घेऊ लागतो.

एवढं करूनही ३० वॅट बेपत्ता राहतातच. ते बहुधा नळीतच असतात. भिंतीलगतचं पाणी जास्त गरम, मधलं थंड; आपलं टोक नेमकं मध्ये. बाहेर पडताना पाणी घुसळून निघेल अशी छोटी मिक्सिंग चेंबर लावायची, तिच्यात दोन-तीन आडव्या चकत्या. माझ्या मते अख्ख्या सेटअपमध्ये सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उशिरा सुचणारा भाग हाच.

मग एके दिवशी ४९२ वॅट येतात. पुन्हा घेतले तरी ४९२. नळीतून पाण्यात उष्णता किती सहज जाते हे सांगणारा नसेल्ट नंबर सूत्राशी १० टक्क्यांत बसतो. सूत्र स्वतःच २५ टक्के इकडेतिकडे असू शकतं, पण ही गोष्ट आनंदाच्या दिवशी काढायची नसते.

आता पट्टी. चौकोनी भोकांची, कडा घासलेली. आत सरकवायची, पंप सुरू करायचा आणि प्रवाह मोजणाऱ्या रोटामीटरकडे बघायचं. पट्टीने वाट अडवलेली, दाबाची घट वाढलेली. फ्लोट ५ वरून ३.५ वर येऊन थांबतो. पंप लहान पडला.

मोठ्या पंपाचं कनेक्शन वेगळ्या मापाचं असतं. म्हणजे मिक्सिंग चेंबर खोलणं आलं.