निर्मनुष्य डेलॉस, नांदता सिंधुदुर्ग

म्युनिकच्या लांबलेल्या थंडीनंतर ग्रीसमधल्या नॅक्सोस बेटाच्या वाळूत आठवडाभर लोळायचं, एवढाच आम्हा दोघांचा बेत होता. प्राचीन अवशेषांचं डेलॉस बेट बघायचं, हा माझा हट्ट. मिकोनॉसहून तिथे जाणाऱ्या बोटीत बसलो आणि मालवणहून काकांचा मेसेज आला.

किल्ल्यांवरची अतिक्रमणं काढायची मोहीम सरकारने २०२५ मध्ये हाती घेतली, त्याच वर्षी जुलैत सिंधुदुर्गासह बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले. तेव्हापासून आमच्या घरात हा वाद चालू आहे. काकांचं म्हणणं, गडावरच्या कुटुंबांना बाहेर जागा द्यावी आणि किल्ला मोकळा करावा. मेसेजही त्याच सुरातला: ‘परदेशात बघ, कसं जपतात!’

डेलॉस जपलंय, यात वादच नाही. पर्यटकांना तिथे मुक्काम करता येत नाही. राहतात ते पहारेकरी आणि उत्खनन करणारे. अपोलो या ग्रीक देवाला वाहिलेले संगमरवरी सिंह खाऱ्या हवेत झिजू नयेत म्हणून संग्रहालयात ठेवलेत, बाहेर प्रतिकृती आहेत. हे आपण जरूर शिकावं.

आम्ही रेंगाळलो ते क्लिओपात्राच्या घरात. ही इजिप्तची राणी नव्हे, अथेन्सहून येऊन इथे राहिलेली एक बाई. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, डायोस्कुरिडीसचा, पुतळा शेजारी शेजारी उभा आहे. दोघांनाही डोकी नाहीत, पण तिच्या अंगावरच्या वस्त्राची चुणी न् चुणी दिसते. पायाशी वाळलेलं गवत, दगडावर सरडे. ‘हिची चूल कुठे असेल गं?’ नवऱ्याने विचारलं. सांगायला बेटावर कुणीच नव्हतं.

हे बेट केवळ काळाने ओसाड केलं नाही. इ.स.पू. ४२६ मध्ये अथेन्सने पावित्र्याच्या नावाखाली इथली थडगी उकरली आणि फर्मान काढलं: डेलॉसवर कुणी जन्मायचं नाही, कुणी मरायचं नाही. दिवस भरलेल्या बाईला, शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाला शेजारच्या रेनिया बेटावर न्यायचं. चार वर्षांनी तर सगळ्या डेलॉसकरांनाच हाकललं. पुढे डेल्फीच्या देवळातल्या अपोलोने कौल दिला, तेव्हा त्यांना परत आणलं. देवालाही आपलं बेट माणसांशिवाय नको होतं, असं मला तिथे उभं राहून फार वाटलं.

शेजारच्या पारोस बेटावर २०२३ च्या उन्हाळ्यात स्थानिकांनी ‘किनारे मोकळे करा’ म्हणून आंदोलन केलं. त्यांना हटवायच्या होत्या त्या भाड्याच्या खुर्च्या आणि छत्र्या. मोकळं करणं म्हणजे हे.

सिंधुदुर्गावरचा प्लास्टिकचा कचरा काढा, तटाला लागून चढणारं सिमेंट थांबवा, भिंतींवर नावं कोरणाऱ्यांना दंड करा. पण गडावरच्या मंदिरात शिवराजेश्वराची, म्हणजे शिवरायांची, पूजाअर्चा पिढ्यान् पिढ्या करणारी माणसं म्हणजे अतिक्रमण नव्हे. १६६४ मध्ये कुरटे बेटावर गडाचं काम सुरू झालं. चहूकडे खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी आजही गोड्या पाण्याच्या आहेत. गडावर माणसं नांदावीत म्हणूनच ना त्या?

परतीच्या बोटीतून काकांना लिहिलं, ‘काका, तुम्ही मला पहिल्यांदा गडावर नेलंत, तेव्हा माझी चप्पल तुटली होती. तिथल्या एका आजींनी सुतळीने बांधून दिली आणि तांब्याभर पाणी दिलं. ते कुठल्या विहिरीचं, ते त्यांनीच सांगितलं होतं. आठवतंय?’

निळा टिक आलाय. उत्तर अजून नाही.